नामांतर, व्यक्तीचे

व्यक्तीने आपले स्वतःचे नाव, पित्याचे वा पतीचे नाव दर्शविणारे मधले नाव, आडनाव किंवा ही तिन्ही टाकून त्यांऐवजी दुसरे नाव धारण करणे आणि ते समाजात व शासकीय अभिलेखांत मान्य करून घेणे, यास नामांतर म्हणतात. गावे, रस्ते, संस्था यांच्या नावांतील बदलांनाही नामांतर हीच संज्ञा लावली जाते. तथापि प्रस्तुत नोंदीत केवळ व्यक्तीच्या नामांतराचा विचार केला आहे.

नामांतर आणि नावातील दुरुस्ती यांत भेद आहे. जन्मनोंदीत किंवा शाळेच्या नोंदवहीत लिहिणाऱ्याच्या हातून एखादे अक्षर चुकले, वडिलांचे नाव गळले किंवा रोमन लिपीत वर्णांतर करताना फरक पडला, तर मूळचे खरे नाव प्रस्थापित करणे ही दुरुस्ती होय. नामांतरात मूळची नोंद चुकीची नसते. ती ज्या काळी झाली त्या काळी खरीच असते आणि पुढे व्यक्ती स्वेच्छेने किंवा स्थित्यंतरामुळे नवे नाव स्वीकारते. हा भेद व्यवहारात फार महत्त्वाचा ठरतो, कारण चूक पुराव्याने दुरुस्त करता येते, परंतु खरी असलेली जुनी नोंद खोडण्याचा अधिकार सामान्यतः कोणासही नसतो. टोपणनाव हाही नामांतराहून निराळा प्रकार आहे. मराठी कवी व नाटककार ⇨ कुसुमाग्रज यांच्या चरित्रात या दोहोंची उदाहरणे एकत्र आढळतात. त्यांचे जन्मनाव गजानन रंगनाथ शिरवाडकर. चुलत्यांना दत्तक गेल्यावर ते विष्णु वामन शिरवाडकर झाले. हे नामांतर होय. ‘कुसुमाग्रज’ हे मात्र त्यांनी काव्यलेखनापुरते घेतलेले नाव होते. त्यामुळे त्यांचे व्यवहारातील नाव बदलले नाही.

नामांतराने नाव बदलते, व्यक्ती बदलत नाही, हे या विषयाचे मूलतत्त्व आहे. जुन्या नावाने मिळविलेली पदवी, घेतलेले कर्ज, केलेला करार, भोगावयाची शिक्षा आणि मिळावयाचा वारसा हे सर्व नव्या नावाच्या व्यक्तीस लागू राहते. म्हणून विधीचा मुख्य कटाक्ष नवे नाव देण्यावर नसून जुने व नवे नाव एकाच व्यक्तीचे आहे, ही गोष्ट जाहीर आणि सिद्ध करण्यावर असतो.

परंपरागत नामांतरे : भारतीय समाजात नामांतर ही नवी गोष्ट नाही. संस्कार, दत्तविधान, विवाह आणि संन्यास या चार प्रसंगी नाव बदलण्याची चाल पूर्वापार होती. महाराष्ट्रातील अनेक समाजांत विवाहानंतर वधूचे सासरचे नवे नाव ताम्हनातील तांदळांत अंगठीने लिहून जाहीर करण्याचा विधी असतो. रमाबाई रानडे यांचे माहेरचे नाव यमुना; डॉ. आनंदीबाई जोशी यांचेही माहेरचे नाव यमुनाच होते. या दोघींचे आज परिचित असलेले पहिले नाव विवाहातून आले. विधी घरात होई, साक्षीदार नातलग असत आणि गावाला नव्या नावाची माहिती असणे एवढाच त्याचा पुरावा पुरेसा ठरे.

दत्तविधानाने व्यक्तीचे कूळ बदलत असल्यामुळे नावही बदले. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे येथील गोपाळराव गायकवाड १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक गेले आणि सयाजीराव (तिसरे) झाले. कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू छत्रपती या नावाने प्रसिद्धीस आले. संन्यासदीक्षेने पूर्वाश्रमीचे नाव संपुष्टात येते. व्यंकटेश भगवानराव खेडगीकर यांनी १९३२ मध्ये संन्यास घेतला आणि स्वामी रामानंदतीर्थ या नावानेच त्यांनी हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व केले व पुढे लोकसभेचे सदस्यत्वही भूषविले.

आडनावे तर दीर्घकाळ प्रवाही होती. कुलकर्णी, देशपांडे, पाटील ही आडनावे वतनावरून, तर ‘कर’ प्रत्ययान्त आडनावे गावावरून पडली. कुटुंब स्थलांतरित झाले किंवा त्याच्याकडे निराळी वृत्ती आली, तर दोन-तीन पिढ्यांत आडनाव पालटे. इंग्रजी अमदानीत शाळा, न्यायालये, लष्कर, टपाल आणि जमिनीचे दप्तर यांचा विस्तार झाला, तेव्हा प्रत्येक व्यक्ती लेखी नोंदीत एका ठरावीक नावाने बद्ध होऊ लागली. डॉ. ⇨ भीमराव रामजी आंबेडकर यांच्या घराण्याचे मूळ आडनाव सकपाळ. कोकणातील आंबडवे या गावावरून आंबडवेकर असे आडनाव आले. सातारच्या सरकारी शाळेच्या नोंदवहीत ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचे नाव ‘भिवा रामजी आंबेडकर’ असे नोंदले गेले. शाळेतील नोंद ही आयुष्यभराचे नाव ठरविणारी घटना कशी बनली, याचे हे ठळक उदाहरण होय. महाराष्ट्रात आजही नावासंबंधीच्या बहुसंख्य अडचणींचा उगम शाळाप्रवेशाच्या वेळच्या नोंदीत सापडतो.

समाजसुधारणेच्या चळवळींनीही नामांतरास चालना दिली. तमिळनाडूतील स्वाभिमान चळवळीने १९२९ मध्ये चेंगलपट्टू येथे भरलेल्या परिषदेत नावामागील जातिवाचक उपाधी टाकण्याचा पुरस्कार केला. बिहारमध्ये जयप्रकाश नारायण यांच्या १९७४ च्या आंदोलनात अनेक तरुणांनी आडनावे सोडली. महाराष्ट्रात जातीची ओळख टाळण्यासाठी, उपहासास्पद वाटणारे आडनाव टाकण्यासाठी किंवा मूळ गावाचे नाव धारण करण्यासाठी अनेक कुटुंबांनी आडनावे बदलली. अशा कुटुंबांच्या दृष्टीने नामांतर हा सोयीचा नव्हे, तर प्रतिष्ठेचा प्रश्न होता.

अन्य देशांतील विधी : नामांतराविषयी पाश्चात्त्य विधिपद्धतींत दोन निरनिराळ्या विचारधारा दिसतात. इंग्लंडमधील सामान्य विधीनुसार, फसवणुकीचा हेतू नसेल तर कोणीही आपणास हवे ते नाव धारण करू शकतो आणि लोक त्याला त्या नावाने ओळखू लागले की ते त्याचे नाव होते. या बदलाचा लेखी पुरावा असावा म्हणून ‘डीड पोल’ हा एकपक्षी दस्तऐवज करण्याची प्रथा पडली. त्यात व्यक्ती जुने नाव सोडल्याचे, नवे स्वीकारल्याचे आणि सर्वत्र तेच वापरण्याचे घोषित करते. हा दस्तऐवज न्यायालयात नोंदविता येतो. तथापि नोंदणी ऐच्छिक असते. मृत्युपत्राने एखाद्या घराण्याची संपत्ती त्या घराण्याचे नाव धारण करण्याच्या अटीवर मिळत असे, तेव्हा राजाचा परवाना किंवा संसदेचा खासगी अधिनियम मिळवीत. भारतातील दत्तविधानाशी या प्रथेचे साम्य आहे.

फ्रान्समध्ये याउलट नाव हा राज्याच्या नागरी नोंदणीचा भाग मानला गेला. क्रांतिकाळातील २३ ऑगस्ट १७९४ च्या कायद्याने जन्मनोंदीतील नावाखेरीज दुसरे नाव वापरण्यास मनाई केली. १८०३ च्या कायद्याने शासनाच्या परवानगीने बदलाचा मार्ग खुला केला. १ जुलै २०२२ पासून प्रौढ व्यक्तीस मातेचे किंवा पित्याचे आडनाव घेण्यासाठी सोपी पद्धती तेथे लागू झाली. तुर्कस्तानात १९३४ च्या अधिनियमाने प्रत्येक नागरिकास आडनाव घेणे बंधनकारक झाले आणि मुस्ताफा केमाल यांस ‘आतातुर्क’ हे आडनाव देण्यात आले. नावावर राज्याची सत्ता कोणत्या थरास जाऊ शकते, हे जर्मनीच्या इतिहासात दिसते. ऑगस्ट १९३८ च्या आदेशाने, ठरवून दिलेल्या यादीबाहेरचे नाव असलेल्या ज्यू पुरुषांस ‘इस्राएल’ व स्त्रियांस ‘सारा’ हे जादा नाव लावण्याची सक्ती नाझी राजवटीने केली. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत न्यायालयाकडे अर्ज करून नाव बदलता येते. तेथील स्त्रीहक्कांच्या पुरस्कर्त्या ल्यूसी स्टोन यांनी १८५५ मध्ये विवाहानंतरही माहेरचे नाव कायम ठेवले. १८७९ मध्ये मॅसॅचूसेट्स राज्यात स्त्रियांना शालेय समित्यांच्या निवडणुकीत मताधिकार मिळाला, तेव्हा पतीचे आडनाव लावण्यास नकार दिल्यामुळे त्यांना मतदान करता आले नाही.

भारतातील वैधानिक स्थिती : भारतात नामांतराविषयी सर्व देशास लागू होणारा स्वतंत्र अधिनियम नाही. इंग्रजी सामान्य विधीतील तत्त्व येथे रूढ झाले आणि त्याला शासकीय राजपत्रातील प्रसिद्धीची जोड मिळाली. म्हणजेच नाव बदलण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही; मात्र बदल इतरांनी मान्य करावा, यासाठी त्याची रीतसर घोषणा व प्रसिद्धी करावी लागते.

या हक्कास अलीकडे घटनात्मक अधिष्ठान मिळाले आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रमाणपत्रांतील नावाच्या बदलासंबंधीच्या अनेक प्रकरणांचा एकत्रित निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये दिला. नाव हा व्यक्तीच्या ओळखीचा गाभा असून त्यावरील नियंत्रण हे संविधानाच्या अनुच्छेद १९ (१) (क) खालील अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा व अनुच्छेद २१ खालील जीवित व व्यक्तिगत स्वातंत्र्याच्या हक्काचा भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. मात्र हा हक्क निरपवाद नाही. स्वेच्छेने केलेल्या बदलासाठी न्यायालयाची घोषणा व राजपत्रातील प्रसिद्धी यांसारखा आधार मागण्याची आणि प्रमाणपत्रावर जुन्या नावाचाही उल्लेख ठेवण्याची मुभा न्यायालयाने मंडळास ठेवली. नाव निवडण्याचा व्यक्तीचा हक्क आणि अभिलेख विश्वसनीय राखण्याची समाजाची गरज, यांत समतोल साधणे हे या निर्णयाचे सार होय.

महाराष्ट्रातील कार्यपद्धती : नामांतराच्या रूढ पद्धतीत सामान्यतः तीन टप्पे असतात : शपथपत्र, वृत्तपत्रातील जाहिरात व राजपत्रातील प्रसिद्धी.

शपथपत्र कार्यकारी दंडाधिकारी किंवा नोटरी यांच्यासमोर केले जाते. त्यात जुने पूर्ण नाव, नवे पूर्ण नाव, वय, पत्ता आणि बदलाचे कारण नमूद करून दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे शपथेवर सांगितलेले असते. विवाह, घटस्फोट, दत्तविधान, धर्मांतर, अंकशास्त्रावरील श्रद्धा, उच्चाराची सोय यांपैकी कोणतेही कारण चालू शकते. कारणाच्या योग्यायोग्यतेची चिकित्सा या टप्प्यावर केली जात नाही.

वृत्तपत्रातील जाहिरातीचा हेतू संबंधित लोकांना, विशेषतः धनको, भागीदार व वारस यांना, बदलाची माहिती मिळावी हा असतो. म्हणून अर्जदार राहतो त्या भागात वाचल्या जाणाऱ्या दैनिकात ती देणे इष्ट ठरते. कोणत्या कार्यालयास किती व कोणत्या भाषेतील वृत्तपत्रांत जाहिरात हवी, हे त्या त्या कार्यालयाच्या नियमांवर अवलंबून असते.

राजपत्रातील प्रसिद्धी हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे. महाराष्ट्रात हे काम शासन मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाकडे आहे. *महाराष्ट्र शासन राजपत्रा*च्या भाग दोनमध्ये नाव, जन्मतारीख व धर्म यांतील बदलांच्या सूचना प्रसिद्ध होतात. आता अर्ज संगणकीय पद्धतीने करता येतो आणि राजपत्राची प्रतही त्याच पद्धतीने उपलब्ध होते. केंद्र सरकारच्या *भारताचे राजपत्र* या प्रकाशनाच्या भाग चारमध्ये खासगी व्यक्तींच्या अशाच सूचना छापल्या जातात. त्यांची व्यवस्था दिल्ली येथील प्रकाशन विभाग पाहतो.

राजपत्रातील सूचनेविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो. शासनाने नवे नाव मंजूर केले, असा या प्रसिद्धीचा अर्थ नसतो. महाराष्ट्राच्या राजपत्रात अशा सूचनांच्या आरंभीच स्पष्ट केलेले असते, की त्या केवळ अर्जदारांच्या अर्जांवर आधारलेल्या असून कागदपत्रांची पडताळणी केलेली नाही आणि मजकुराच्या सत्यतेची जबाबदारी शासन घेत नाही. राजपत्राने सिद्ध होते ते एवढेच, की अमुक व्यक्तीने अमुक दिवशी आपले नाव बदलल्याचे जाहीर केले. मात्र ही घोषणा अधिकृत प्रकाशनात छापली गेल्यामुळे ती केव्हाही शोधून पाहता येते, आणि तिचे खरे महत्त्व यातच आहे.

शासकीय सेवकांसाठी अधिक काटेकोर नियम आहेत. केंद्र शासनाच्या १९८७ च्या सूचनांनुसार नाव बदलू इच्छिणाऱ्या सेवकाने दोन साक्षीदारांसमक्ष नामांतरपत्र करावे आणि स्वखर्चाने स्थानिक वृत्तपत्रात व भारताच्या राजपत्रात त्याची प्रसिद्धी करावी. त्यानंतरच सेवापुस्तकात बदलाची नोंद होते. एखाद्याच्या नावाविषयी वाद उत्पन्न झाल्यास विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ३४ अन्वये दिवाणी न्यायालयाकडून घोषणात्मक हुकूमनामा मिळविता येतो.

निरनिराळ्या अभिलेखांतील बदल : राजपत्र प्रसिद्ध झाले म्हणजे सर्व अभिलेख आपोआप बदलत नाहीत. प्रत्येक अभिलेखाचा अधिनियम, अधिकारी व नियम वेगळे असल्याने प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र अर्ज करावा लागतो.

जन्मनोंद ही सर्व नोंदींचे मूळ होय. जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार बालकाचे नाव न देता जन्म नोंदविला असल्यास नाव मागाहून घालता येते. नोंदणीनंतर बारा महिन्यांपर्यंत त्यासाठी शुल्क नसते. त्यानंतर शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत ही सोय नियमांत आहे. याच अधिनियमाच्या कलम १५ खाली चुकीची नोंद दुरुस्त करता येते. परंतु मूळ मजकूर न खोडता समासात दुरुस्ती लिहून निबंधकाने त्यावर सही व दिनांक घालावयाचा असतो. जुने व नवे दोन्ही एकाच पानावर राहतात. हे कलम चुकीच्या दुरुस्तीसाठी आहे. प्रौढ वयात पसंतीने घेतलेले नाव त्याखाली घालून मिळेलच असे नाही. १ ऑक्टोबर २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत शाळाप्रवेश, मतदार नोंदणी, पासपोर्ट इत्यादींसाठी जन्मतारीख व जन्मस्थळ यांचा पुरावा म्हणून जन्मप्रमाणपत्रास कायद्याने विशेष स्थान दिल्यामुळे या नोंदीचे महत्त्व वाढले आहे.

शाळेच्या सर्वसाधारण नोंदवहीतील नाव विद्यार्थी शिकत असताना शिक्षणाधिकाऱ्यांच्या मान्यतेने बदलता येते. विद्यार्थ्याने शाळा सोडल्यावर मात्र उघड लेखनदोषाखेरीज अन्य बदल करण्यावर महाराष्ट्राच्या माध्यमिक शाळा संहितेने कडक निर्बंध घातले आहेत. त्यामुळे नामांतर करणाऱ्याच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर व जुन्या गुणपत्रिकांवर बहुधा जुनेच नाव राहते आणि त्यांच्यासोबत राजपत्राची प्रत कायम जोडावी लागते.

जमिनीच्या बाबतीत सातबारा उताऱ्यावरील नाव फेरफार नोंदीने बदलते. या नोंदी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ खाली होतात. केवळ लेखनप्रमाद असल्यास संहितेच्या कलम १५५ खाली तो दुरुस्त करता येतो. खरेदीखत, गहाणखत यांसारख्या नोंदणीकृत दस्तांतील नाव मात्र बदलत नाही. पुढील दस्तात ‘पूर्वाश्रमीचे नाव’ असा उल्लेख करून धागा जोडला जातो. मतदारयादीतील नाव नमुना ८ भरून बदलता येते. आधार क्रमांकाच्या नोंदीत सर्वसाधारणपणे आयुष्यात दोनदाच नाव बदलण्याची मुभा आहे; त्यापलीकडच्या बदलासाठी राजपत्रासारखा सबळ आधार लागतो. प्राप्तिकराचा स्थायी खातेक्रमांक नामांतराने बदलत नाही, फक्त त्यापुढील नाव बदलते. बँक खाते, विमापत्र, भविष्य निर्वाह निधी व निवृत्तिवेतन यांसाठी त्या त्या संस्थेकडे निराळी कागदपत्रे द्यावी लागतात.

यांपैकी एखादाच दुवा राहून गेला, तरी त्याचे परिणाम बऱ्याच वर्षांनी जाणवतात. सेवापुस्तकात एक नाव व बँकेत दुसरे असले, तर निवृत्तिवेतन अडते. विधवेचे विवाहापूर्वीचे व नंतरचे नाव जोडणारा कागद नसेल, तर वारसा सिद्ध करणे कठीण होते. अशा वेळी नाव बदलणारी व्यक्ती हयात नसल्याने स्पष्टीकरण देणारेही कोणी उरत नाही. म्हणून शपथपत्राची मूळ प्रत, जाहिरातीचे कात्रण आणि राजपत्राची पूर्ण प्रत कुटुंबाने कायम जपून ठेवणे आवश्यक असते.

विशेष प्रसंग : (१) विवाह व घटस्फोट : विवाहानंतर स्त्रीने पतीचे नाव वा आडनाव लावावे, असे बंधन कोणत्याही भारतीय अधिनियमात नाही, ती केवळ रूढी आहे. माहेरचे नाव तसेच ठेवणे, पतीचे आडनाव घेणे किंवा दोन्ही आडनावे जोडणे हे तीनही पर्याय वैध आहेत. नाव बदलल्यास अनेक कार्यालये विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र पुरेसा पुरावा मानतात. त्यातून आडनाव व मधले नाव यांतील बदलाचा उलगडा होतो. मात्र सासरी पहिले नावही बदलले असेल, तर राजपत्रातील प्रसिद्धी आवश्यक ठरते. घटस्फोटानंतर पूर्वीचे नाव पुन्हा घेताना न्यायालयाच्या हुकूमनाम्याची प्रत उपयोगी पडते.

(२) अज्ञान मुले व दत्तक : अज्ञान मुलाच्या वतीने त्याचे नैसर्गिक पालक घोषणा करतात. वडिलांच्या मृत्यूनंतर नैसर्गिक पालक या नात्याने मुलाचे आडनाव ठरविण्याचा अधिकार मातेस आहे आणि तिने पुनर्विवाह केला असल्यास ती मुलास नव्या कुटुंबाचे आडनाव देऊ शकते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये दिला. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ नुसार दत्तक मूल दत्तविधानाच्या दिनांकापासून दत्तक घेणाऱ्या कुटुंबाचे अपत्य ठरते. नोंदणीकृत दत्तकपत्र हा त्याच्या नामांतराचा आधार असतो. [→ दत्तक].

(३) मातेचे नाव : महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये घेतलेल्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकाचे नाव शासकीय कागदपत्रांत बालकाचे नाव, मातेचे नाव, पित्याचे नाव व आडनाव या क्रमाने लिहावयाचे आहे. नाव, पित्याचे नाव व आडनाव या महाराष्ट्रात रुळलेल्या त्रिपदी नावाच्या घडणीत झालेला हा मोठा बदल होय. त्यापूर्वी जन्मलेल्यांची नावे मात्र त्यामुळे आपोआप बदलली नाहीत.

(४) तृतीयपंथी व्यक्ती : या व्यक्तींच्या दृष्टीने जन्मनाव हे बहुधा नाकारलेल्या ओळखीचे चिन्ह असते. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये लिंगओळख ठरविण्याचा त्यांचा हक्क मान्य केला. त्यानंतर तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियम, २०१९ याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडून ओळखीचे प्रमाणपत्र देण्याची तरतूद केली आणि असे प्रमाणपत्र मिळालेल्या व्यक्तीस जन्मप्रमाणपत्रात व ओळखीच्या अन्य कागदपत्रांत पहिले नाव बदलून घेण्याचा हक्क दिला. राजपत्रातील घोषणेऐवजी अधिनियमानेच नामांतराचा हक्क दिल्याचे हे उल्लेखनीय उदाहरण आहे.

(५) धर्मांतर : धर्म बदलल्याने नाव आपोआप बदलत नाही आणि नाव बदलल्याने धर्मही बदलत नाही. या दोन स्वतंत्र घटना असून महाराष्ट्राच्या राजपत्रात त्यांच्या सूचनाही वेगवेगळ्या दिल्या जातात.

गोवा : गोव्यात नामांतरासाठी स्वतंत्र अधिनियम आहे, ही भारतातील लक्षणीय बाब होय. पोर्तुगीज अमदानीत तेथे नागरी नोंदणीची सक्तीची पद्धती रुजली आणि नाव हा त्या नोंदणीचा भाग ठरला. त्या परंपरेतून आलेल्या गोवा नाव व आडनाव बदल अधिनियम, १९९० नुसार इच्छुक व्यक्तीस नागरी निबंधकाकडे अर्ज करावा लागतो. निबंधक जुन्या व नव्या नावांसह जाहीर सूचना प्रसिद्ध करतो आणि ज्यांची हरकत असेल त्यांना ती नोंदविण्यासाठी तीस दिवसांची मुदत देतो. महाराष्ट्रात प्रसिद्धी हा शेवटचा टप्पा असतो, तर गोव्यात ती निर्णयापूर्वीची पायरी आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या व त्यांच्या वंशजांच्या पोर्तुगीज नागरिकत्वाच्या दाव्यांत मूळ जन्मनोंदीतील नाव निर्णायक ठरत असल्याने, तसेच कौटुंबिक मालमत्तेचे हक्कही या नोंदींशी निगडित असल्याने, गोव्यात नामांतराकडे विशेष काटेकोरपणे पाहिले जाते.

परिणाम व मर्यादा : नामांतराने व्यक्तीचे हक्क वाढत नाहीत आणि दायित्वही कमी होत नाही. जुन्या नावावरील कर्ज, पोटगीचा आदेश किंवा फौजदारी खटला पुढे चालू राहतो. दुसऱ्याची बतावणी करण्यासाठी नाव धारण केल्यास तोतयेगिरी करून फसवणूक केल्याचा अपराध घडतो. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१९ मध्ये त्याची तरतूद आहे. शपथपत्रात खोटे विधान करणे हाही अपराध आहे.

जातीच्या बाबतीत ही मर्यादा विशेष जाणवते. आडनाव बदलल्याने जात बदलत नाही. आरक्षणाचा लाभ नव्या आडनावामुळे मिळत नाही व जुने सोडल्यामुळे जात नाही. परंतु महाराष्ट्रात जातीच्या प्रमाणपत्रांच्या पडताळणीसाठी २००० चा अधिनियम आहे आणि या पडताळणीत आजोबा-पणजोबांच्या शालेय व महसुली नोंदी व त्यांच्याशी जुळणारी वंशावळ मागितली जाते. मागच्या पिढीने जातिवाचक वा मानहानिकारक आडनाव टाकून नवे घेतले आणि त्याचा लेखी पुरावा ठेवला नाही, तर नातवंडांना आपण त्याच घराण्याचे आहोत, हे सिद्ध करणे अवघड होते. अपमानाची खूण पुसण्यासाठी केलेला बदल अशा रीतीने पुढील पिढीच्या न्याय्य हक्काच्या आड येऊ शकतो. जुने नाव मागे टाकण्याची व्यक्तीची इच्छा आणि ते जपून ठेवण्याची अभिलेखाची अपरिहार्यता यांतील हा विरोध पूर्णपणे मिटणारा नाही.

मौखिक समाजात गावाच्या स्मृतीने जुने व नवे नाव जोडून ठेवले होते. नागरी समाजात ते काम कागदाकडे व आता संगणकीय अभिलेखांकडे आले आहे. या अभिलेखांत नावांची जुळणी यंत्राने होत असल्याने एका अक्षराचा फरकही ओळख नाकारण्यास पुरेसा ठरतो. त्यामुळे नामांतराचा हक्क न्यायालयांनी मान्य केला असला, तरी तो उपभोगता येणे हे दोन नावांतील दुवा प्रत्येक अभिलेखात टिकून राहण्यावरच अवलंबून आहे.

पहा : आडनाव, जन्म-मृत्यू नोंदणी, दत्तक, राजपत्र, विवाहविधि.